फ्रिजमधला हिवाळा

बीदरचं पठार समुद्रसपाटीपासून 2,000 फुटांहून उंच आहे. डिसेंबरच्या पहाटे इथला पारा 12-13 अंशांवर येतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली घसरतो. भालकी-औरादच्या गल्ल्यांत शेकोट्या पेटतात, आळंदच्या शिवारात हुरड्याचे बेत सुरू होतात. माणसाला एवढी थंडी भरपूर झाली. ट्यूलिपच्या गड्ड्याला ती पुरत नाही. दुपारी ऊन 28-29 अंशांवर चढलं की रात्रीची कमाई गेलीच. त्याला सलग 12 ते 14 आठवडे 5 अंशांच्या आसपासची थंडी हवी. आमच्या भागात ती एकाच जागी मिळते, ती म्हणजे स्वयंपाकघरातला फ्रिज.

एवढ्या थंडीचं काम काय, हे एखादा गड्डा उभा चिरला की कळतं. पांढऱ्या मांसल पापुद्र्यांच्या मधोमध बारीक कोंब असतो आणि त्याच्या पोटात पाकळ्या-पुंकेसरांसकट आख्खं फूल. गड्डा उन्हाळ्यात जमिनीबाहेर काढून ठेवलेला असतो, तेव्हाच ते आत तयार होतं. थंडीत साठलेल्या पिष्टाची साखर होते आणि दांड्याला लांब होण्याची ताकद येते. थंडी कमी पडली तर फूल पानांच्या बेचक्यातच बुटकं उमलतं, नाहीतर कळी जागीच वाळते. म्हणजे फूल आपण घडवत नाही. त्याचा राहिलेला हिवाळा तेवढा भरून देतो.

गड्डे साधारण ऑक्टोबरच्या सुरुवातीला कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये जातात. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा साचून बुरशी धरते. पिशवीवर ठळक अक्षरांत ‘खायचे नाहीत’ असं लिहिलेलं बरं, कारण हे गड्डे थेट कांद्यासारखे दिसतात आणि ट्यूलिप पोटात गेला तर त्रास होतो. खरी अडचण मात्र फळांची. नेमका हाच बालाघाटातल्या सीताफळांचा हंगाम. पिकलेलं सीताफळ, सफरचंद, केळं यांतून इथिलीन वायू सुटतो आणि बंद फ्रिजमध्ये तो आतल्या कळीला मारतो. बाहेरून गड्डा टणटणीत दिसतो, पण फूल कधीच येत नाही. म्हणून दिवाळीच्या तोंडावर घरात ठरलेला संवाद होतो. “अहो, सीताफळं बाहेर ठेवून नासवायची का?” “दोन दिवसांत संपवू ना.” फळं खाऊन संपवणं हाच त्यावरचा उपाय.

हायसिंथला 10-12 आठवडे पुरतात आणि त्याला माती नसली तरी चालतं. निमुळत्या गळ्याच्या काचेच्या बरणीत गड्डा वर अडकवायचा आणि पाणी त्याच्या बुडाच्या किंचित खाली ठेवायचं. बूड पाण्यात बुडालं की सडतं. थोडं अंतर राहिलं की पांढरी मुळं पाणी शोधत सरळ खाली उतरतात. बरणी काळोख्या, गार जागी ठेवायची. मुळांनी तळ गाठला आणि कोंब दोन बोटं वर आला की उजेडात आणायची. दांडा आखूडच राहतोय असं वाटलं तर कोंबावर कागदाची उंच टोपी चढवतात. उजेड शोधत तो ताणला जातो. गड्डे हाताळताना मात्र हातमोजे घालावेत, नाहीतर सालीतल्या सूक्ष्म सुयांसारख्या स्फटिकांनी बोटं खाजत राहतात.

ट्यूलिप जानेवारीत कुंडीत लावतो. भालकीकडची काळी माती इथे कामाची नाही. पाणी धरून ठेवते आणि गड्डा कुजतो. बीदर-हुमनाबादकडची जांभ्याची तांबडी मुरमाड माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत हे मिश्रण चांगलं. गड्ड्याची चपटी बाजू कुंडीच्या कडेकडे करायची, म्हणजे पहिलं रुंद पान बाहेर झुकतं आणि मधली जागा फुलांना मोकळी राहते. जागा निवडताना नवी स्लॅबची खोली टाळावी. माळवदाच्या जुन्या घरातली जाड भिंतींची मागची खोली दुपारीही गार असते. रात्री कुंडी अंगणात आणि ऊन चढायच्या आत पुन्हा घरात, एवढी ये-जा केली तर फूल दोन-चार दिवस जास्त टिकतं.

थंडीची ही भानगड नको असेल त्याने पांढऱ्या पेपरव्हाइट नार्सिससपासून सुरुवात करावी. भूमध्य समुद्राकाठचं हे झाड फ्रिज मागत नाही. खड्यांवर गड्डे मांडून मुळांपुरतं पाणी दिलं की 4 ते 6 आठवड्यांत फुलतं. अॅमरिलिस, म्हणजे घरोघरची मोठी लाल लिली, दक्षिण अमेरिकेतली. तिला थंडीपेक्षा कोरड लागते. दिवाळीनंतर पाणी तोडायचं, पानं वाळू द्यायची. फेब्रुवारीत पुन्हा पाणी दिलं की दांडा वर येतो. ढोबळमानाने चार पानांमागे एक दांडा आत तयार होतो, म्हणून फुलांची खरी बेगमी पावसाळ्यातल्या पानांवर होते. निशिगंधाची तऱ्हा आणखी निराळी. तो मेक्सिकोचा, त्याला ऊबच हवी. थंडीत तो मंदावतो आणि त्याचे गड्डे उन्हाळ्याच्या तोंडावर लावले जातात.

प्रत्येक गड्ड्याची विश्रांती अशी त्याच्या मूळ मुलखाच्या हवेप्रमाणे ठरलेली. लिली आणि निशिगंध आमच्या हवेत वर्षानुवर्षं नांदतात, पिल्लं देतात. ट्यूलिप एकदाच फुलतो. फुलल्यावर गड्डा पुन्हा भरायला लांबलेला गार वसंत लागतो, आणि इथे तर फेब्रुवारी सरता सरता ऊन तापायला लागतं. फुललेला गड्डा शेवटी खतात जातो. त्यामुळे गड्डे मागवताना मी आधी फ्रिजमधली जागा बघतो, रंग नंतर निवडतो.