काय घडलं, ते न विचारता

युगांडाच्या वायव्येकडची ऱ्हायनो कॅम्प ही निर्वासितांची वसाहत. तिथे वीस-तीस बायका एकत्र बसतात आणि स्पीकरवरून जुबा अरबी बोलीतला आवाज सुरू होतो. या दक्षिण सुदानच्या बायका. 2013च्या डिसेंबरात तिथे यादवी पेटली, जुलै 2016मध्ये राजधानी जुबात पुन्हा गोळीबार झाला आणि लाखो लोक सीमा ओलांडून आले. एवढ्यांना पुरतील इतके समुपदेशक आणायचे कुठून? अशाच अडचणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ‘सेल्फ-हेल्प प्लस’ हा पाच बैठकांचा कार्यक्रम तयार केला. रेकॉर्डिंग लावायला, चित्रं दाखवायला थोडंफार प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक बायका पुरतात.

त्यातल्या व्यायामांचं चित्रपुस्तक आणि इंग्रजी रेकॉर्डिंग मोफत मिळतं. मी ते लावून बसले. पाय जमिनीवर रोवा, हात ताणा, श्वास सावकाश सोडा. आता काय दिसतंय, काय ऐकू येतंय? मग आवाज थांबतो. त्या शांततेत आधी मी कंटाळले, नंतर मन भलतीकडेच गेलं. मनाला दामटून परत आणायला कुणी सांगत नाही. ‘ही एक जड आठवण आहे’ एवढं स्वतःशी म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे किंवा समोरच्या माणसाकडे वळायचं. पुढे विचारतात, तुम्हाला कशा प्रकारचं माणूस व्हायचंय? त्या दिशेने या आठवड्यात एक लहानसं काम ठरवा.

तुमच्यावर काय गुदरलं, हे मात्र कुणीच विचारत नाही. निर्वासिताला आपली कहाणी नोंदणीच्या टेबलापासून पुढे किती ठिकाणी सांगावी लागते! शिवाय शेजारणींनी भरलेल्या घोळक्यात बलात्काराबद्दल कोण बोलेल? इथे न बोलताही मदत मिळते.

ती लागू पडते का, हे या वसाहतीच्या 14 गावांतल्या 694 बायकांवर पाहिलं गेलं. कार्यक्रम संपताच फरक ठळक होता. तीन महिन्यांनी तो बराच ओसरला, तरी कार्यक्रम न मिळालेल्या बायकांपेक्षा यांचा ताण कमीच होता. ओसरणारच, रेकॉर्डिंगने रेशन वाढत नाही की हरवलेला नवरा सापडत नाही. म्हणून या पाच बैठकांना उपचाराची पहिली पायरी मानावं. ज्यांना त्या पुरत नाहीत, त्यांच्यासाठी पुढे बोलायला माणूस लागेल, आणि पोटाचा प्रश्न तर सगळ्यांचाच सोडवावा लागेल.