नाव पुसले, ओळख उरली

वर्गाचे मैत्रीचित्र आपल्यापैकी काहींनी काढले असेल. ‘तुला कोणाशेजारी बसायला आवडेल? तीन नावे लिही,’ असे मुलांना विचारायचे. प्रत्येक मुलासाठी एक ठिपका काढायचा आणि निवडलेल्या मुलाच्या ठिपक्याकडे बाण दाखवायचा. समजा, नावांऐवजी क, ख, ग अशी अक्षरे घालून हे चित्र भिंतीवर लावले. मग मुलांची ओळख लपली का?

नाही. सर्वांत जास्त बाण कोणाकडे गेले असतील, हे वर्गाला ठाऊक असते. असे एकदोन ठिपके लगेच ओळखू येतात. त्या दोघांचाही जवळचा मित्र वर्गात एकच असेल, तर दोघांचे बाण जिथे मिळतात तो ठिपका त्याचा. आता तिघे सापडले. त्यांच्या आधाराने चौथा. वातीने वात पेटावी तसे हे पुढे सरकते. शेवटी ज्याच्याकडे एकही बाण आलेला नाही, ते मूलही उघडे पडते.

समाजमाध्यमांवरील ओळखीपाळखींचे जाळे म्हणजे असेच चित्र, फक्त लाखो ठिपक्यांचे. नावे काढून टाकली की ते जाळे संशोधकांना किंवा जाहिरातदारांना द्यायला हरकत नाही, असे मानले जाई. २००९ साली ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठातील अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव यांनी हे तपासले. त्यांनी छायाचित्रांच्या ‘फ्लिकर’चे जाळे आणि ‘ट्विटर’चे (आताचे ‘एक्स’) नावे काढलेले जाळे शेजारी ठेवले. थोड्या ओळखीच्या ठिपक्यांपासून सुरुवात केली आणि वर सांगितल्याप्रमाणेच संगणकाला पुढे जाऊ दिले. दोन्हीकडे खाती असल्याची खात्री असलेल्या लोकांपैकी सुमारे ३१ टक्क्यांच्या जोड्या बरोबर जुळल्या. सुमारे १२ टक्के चुकल्या. बाकीचे ओळखता आले नाहीत. यासाठी कोणाचे लिखाण वाचावे लागले नाही की छायाचित्र पाहावे लागले नाही. कोण कोणाशी जोडलेला आहे, एवढेच पुरले.

यात बिघडले काय? एखादी व्यक्ती एका ठिकाणी खऱ्या नावाने सहलीचे फोटो लावते आणि दुसरीकडे टोपणनावाने आपल्या आजाराविषयी लिहिते. ही दोन दालने वेगळी ठेवणे हा तिचा निर्णय असतो. जाळी जुळवली की तिला न विचारताच मधली भिंत पडते. जोडी चुकली तर दुसऱ्याचेच बोलणे तिच्या माथी येते. शिवाय तिने स्वतः कितीही जपले तरी ते अपुरे पडते, कारण जाळ्यातले धागे तिच्या मित्रांच्या खात्यांतूनही दिसतात.

म्हणजे ओळख केवळ नावात नसते. ती नात्यांच्या आकृतीतही असते. कागदावर दहा काल्पनिक मुलांचे मैत्रीचित्र काढून विद्यार्थ्यांकडून हे कोडे जरूर सोडवून घ्या. खऱ्या वर्गाचे चित्र मात्र आपल्या कपाटातच राहू द्या.