गडाखालच्या पोरांना सल्ला कुठे मिळतो?

बीड जिल्ह्यातला नारायणगड म्हणजे 'धाकटी पंढरी'. पंचक्रोशीतली मुलं पदवीला बीड गाठतात; तिथली महाविद्यालयं छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली. पुढे काय, तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: पोलीस भरती नाहीतर एमपीएससी. दुसऱ्या वाटा दाखवणारं माणूस घरात नसतं. ते काम करिअर मार्गदर्शकाचं. तो कल पाहतो, अर्ज आणि मुलाखतीची तयारी करून घेतो; नोकरी लावून देत नाही.

समुपदेशक वेगळा. झोप उडालीय, दुसऱ्यांदा नापास झालोय, घरी सांगायची छाती होत नाही, हे त्याच्याकडे बोलायचं. तो उपदेश करत नाही, ऐकतो. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. जुलै 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थांना किमान एक पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं. एखाद्या प्राध्यापकाच्या गळ्यात ही जबाबदारी अडकवून भागणार नाही, असं मला वाटतं. ज्याच्या हातात अंतर्गत गुण, त्याच्यापुढे कोण मन मोकळं करेल?

महाविद्यालयात सोय नसेल तर 'टेली-मानस' या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.