पीएच कंट्रोलर: जोडणी आणि खबरदारी

झाडं लावलेल्या फिश टँकमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला, की त्याचा थोडासा भाग पाण्याशी मिळून कार्बनिक आम्ल होतं आणि पीएच उतरतो. पीएच कंट्रोलर चालतो तो एवढ्याच गोष्टीवर. पाण्यात बुडवलेला प्रोब पीएच सांगतो. तो ठरवलेल्या आकड्याच्या वर गेला, की कंट्रोलर सोलेनॉइड व्हॉल्व्हला वीज देतो आणि गॅस सुरू होतो. आकडा गाठला, की वीज तोडतो. गॅस नेमका किती विरघळला आहे, हे त्याला कळत नाही. तो हिशेब आपणच मांडायचा आणि मग आकडा भरायचा.

हिशेबासाठी केएच, म्हणजे पाण्याची कार्बोनेट कठीणता, माहीत हवी. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं किट मत्स्यालयाच्या दुकानात मिळतं. पीएच ७ असताना केएचच्या तिप्पट पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. तिथून पीएच ०.३ ने उतरला की तो दुप्पट होतो, १ ने उतरला की दसपट. केएच ४ असेल तर ७ ला १२ पीपीएम आणि ६.६ ला सुमारे ३०. झाडांना ३० पुष्कळ होतात आणि बहुतेक मासेही तेवढे सोसतात. पण तोच ६.६ चा आकडा केएच १० असलेल्या पाण्याला लावला, तर ७५ पीपीएम होतात आणि मासे गुदमरतात. त्या पाण्याला ७ हाच आकडा योग्य. आपल्याकडे बोअरचं पाणी बरेचदा कठीण, धरणातून नळाला येणारं त्यामानाने मऊ. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येऊ लागले, की केएच एकदम बदलू शकतो. म्हणून दुसऱ्याच्या टाकीचा आकडा आपल्या टाकीला कधीही लावू नये.

हे गणित जुळतं ते पाण्यात दुसरं आम्ल नसेल तरच. पीट, नवं लाकूड किंवा पीएच उतरवणारं औषध घातलं असेल, तर आकडा फसवा निघतो. यासाठी टाकीत ड्रॉप चेकर, म्हणजे रंगातून गॅसचं प्रमाण दाखवणारी छोटी कुपी, लावलेला बरा. त्यात टाकीचं पाणी न भरता केएच ४ चं तयार द्रावण भरायचं. रंग निळा असेल तर गॅस कमी, हिरवा असेल तर बेताचा, पिवळा पडला तर जास्त. मात्र हा रंग तास-दोन तास मागे असतो.

आता प्रोब. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं. त्याच्या टोकाचा काचेचा फुगा कायम ओला राहावा लागतो. टाकीबाहेर ठेवायचा असेल, तर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात बुडवून ठेवावा, डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात नाही. लावण्याआधी ७ आणि ४ च्या ताज्या बफर द्रावणांत कॅलिब्रेट करावा. मधे धुऊन टिपून घ्यावा. फुगा कापडाने घासू नये. वापरलेलं द्रावण पुन्हा बाटलीत ओतू नये.

प्रोबमधून येणारा विद्युतदाब अगदी क्षीण असतो, एका पीएचला साधारण ५९ मिलिव्होल्ट, आणि पीएच ७ ला जवळजवळ शून्य. त्यामुळे केबलच्या जोडात ओल शिरली किंवा फुग्याला तडा गेला, की पडद्यावर बहुधा ७ च्या आसपासचा आकडा स्थिर दिसू लागतो. आकडा दिसायला अगदी नेहमीचा असतो, पण आपण ६.६ ठरवलेला असेल तर कंट्रोलरच्या हिशेबी पीएच अजून वरच आहे, आणि गॅस थांबतच नाही. पाणी बदलताना पातळी उतरून प्रोब उघडा पडला तरी आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. त्या वेळी सोलेनॉइडचा प्लग काढून ठेवावा.

प्रोब फसून गॅस थांबेनासा होण्यावर उपाय नीडल व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅसचा प्रवाह कमीजास्त करणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये, आहे. सुट्टीच्या दिवशी, दिवसभर टाकीजवळ राहता येईल तेव्हा, बुडबुडे अगदी सावकाश सुरू करा आणि काही तासांनी पीएच कुठे स्थिरावतो ते पाहा. थोडं थोडं वाढवत असा प्रवाह ठेवा, की सोलेनॉइड सतत उघडा राहिला तरी पीएच ठरवलेल्या आकड्याच्या किंचितच खाली जाईल. कंट्रोलर आहे म्हणून गॅस भरमसाट सोडणं मला अत्यंत धोक्याचं वाटतं. जोडीला सोलेनॉइडच्या वायरीवर टायमर लावा: दिवे लागण्याआधी तासभर गॅस सुरू, विझण्याआधी तासभर बंद. रात्री झाडं गॅस घेत नाहीत, उलट सोडतात.

प्रोब वाहत्या पाण्यात, अंधाऱ्या कोपऱ्यात, डिफ्यूझरच्या बुडबुड्यांपासून दूर आणि उभा बसवावा. जोड पाण्याच्या वरच ठेवावा. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत पोचत नाही. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. सोलेनॉइड वीज नसताना बंद राहणारा घ्यावा, म्हणजे लाइट गेली की गॅसही थांबतो. नळीत चेक व्हॉल्व्ह नसेल, तर गॅस थांबल्यावर टाकीचं पाणी उलटं रेग्युलेटरपर्यंत जाऊ शकतं.

सिलिंडर उभा आणि भिंतीला बांधलेला असावा. आडवा पडला तर द्रवरूप गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो. आत २० अंशांना सुमारे ५७ बार दाब असतो आणि उष्णतेबरोबर तो झपाट्याने चढतो, म्हणून उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. जोडांवर साबणाचं पाणी लावून गळती तपासावी. हा वायू हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे खोलीत हवा खेळती हवी.

मासे वर येऊन धापा टाकू लागले, तर पडद्यावरचा आकडा बघत बसू नका. सिलिंडरचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, एअर पंप लावा आणि थोडं पाणी बदला. दर महिन्याला प्रोब ४ च्या ताज्या द्रावणात बुडवून पाहा. आकडा ४ च्या जवळ उतरला नाही, तर पुन्हा कॅलिब्रेट करा. तरीही जमलं नाही, तर नवा प्रोब येईपर्यंत गॅस बंदच ठेवा.