स्पायडर प्लांटची पिल्लं अशी वाढवा

बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूर तालुक्यात, सोनाळ्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांनी पांढरी मुसळी उपटून पाहिली आहे, त्यांना स्पायडर प्लांटची जाड, पांढरी मुळं ओळखीची वाटतील. दोघीही क्लोरोफायटम या एकाच वनस्पती-प्रजातीतल्या, कुंडीतली मात्र मूळची आफ्रिकेची.

लोंबत्या दांड्याच्या टोकावरच्या पिल्लाच्या बुडाशी मुळांचे बारीक कोंब दिसले, की ते लावायला तयार. दांडा लगेच कापू नका. शेजारी छोटी कुंडी ठेवा, पिल्लू ओल्या मातीवर टेकवा आणि केसांच्या आकड्याने दाबून बसवा. काही आठवड्यांनी हलकेच ओढल्यावर जागचं हललं नाही, तर मग कात्री लावा. हे काम पावसाळ्यात करावं. वऱ्हाडातल्या मे महिन्यात नकोच.

खरी काळजी पाण्याची. संग्रामपूर तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरच्या खाऱ्या पाण्याने पानांची टोकं करपतात. पाणी कमी पडलं असं समजून लोक आणखी ओततात आणि मुळं सडतात. शक्यतो साठवलेलं पावसाचं पाणीच द्या, तेही वरची माती बोटभर वाळल्यावर. ओसरीतला सावलीतला उजेड या झाडाला पुरतो.