तबल्यातली तडतड आणि पोर्टचा दोष

सयाजीराव महाराजांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांच्या हाती सोपवलेली बडोद्याची गायनशाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्स विद्याशाखा आहे. तिथे शिकणारी कितीतरी मुले आता घरीच ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी, वापरून रियाज रेकॉर्ड करतात. मग केव्हातरी तबल्याच्या ऐन तिहाईत 'तड्' असा आवाज येतो आणि सल्ला मिळतो : यूएसबी बदल, थंडरबोल्ट पोर्टचा इंटरफेस घे. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि महागही पडतो.

मुळात यूएसबीला आवाजाचे ओझे पेलत नाही, हेच खरे नाही. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका माइकच्या आवाजाला सेकंदाला सुमारे १.१५ मेगाबिट लागतात. गायक, तबला, हार्मोनियम, तानपुरा असे चार माइक धरले तरी हिशेब ४.६ मेगाबिटचा. यूएसबी २.० ची क्षमता ४८० मेगाबिट, म्हणजे एक टक्काही वापरला जात नाही. त्यामुळे यूएसबी ३ ने आवाज अधिक स्वच्छ होतो, हाही भ्रमच. स्वच्छता माइक, प्रीअँप आणि कन्व्हर्टर ठरवतात.

मग तडतड येते कुठून? कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने नव्हे, ओंजळी भरभरून हाताळतो. या ओंजळीला बफर म्हणतात. १२८ सॅम्पलच्या बफरला ४८ किलोहर्ट्झवर अवघे २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात वाय-फायचा ड्रायव्हर किंवा वीज वाचवणारी सेटिंग आडवी आली की ओंजळ वेळेवर भरत नाही आणि आवाज तुटतो. बफर ५१२ केला की १०.७ मिलिसेकंद मिळतात. त्याने आवाजाचा दर्जा उतरतो, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. फक्त आवाज कानात उशिरा पोहोचतो. हा उशीर गाताना खटकतो, मिक्सिंगला नाही. गाताना इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर वापरले की आपला आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट कानात येतो.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ (कमी उशिराचा ऑडिओ) ड्रायव्हर हवा. बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात. यूएसबीवर ऑडिओसाठी वेळ राखून ठेवलेली असते, पण हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जात नाही. म्हणून सैल केबल किंवा स्वतंत्र वीज नसलेला हब लगेच ऐकू येतो. इंटरफेस थेट कॉम्प्युटरलाच जोडावा आणि केबल पाच मीटरच्या आत ठेवावी.

टाइप-सी म्हणजे थंडरबोल्ट, ही आणखी एक गफलत. टाइप-सी हा तोंडाचा आकार आहे. आत साधे यूएसबी २.० सुद्धा असू शकते. थंडरबोल्टचा उपयोग खरा आहे, पण तो अनेक चॅनल आणि अतिशय कमी उशीर लागणाऱ्या स्टुडिओला. एकेकाळी इंटरफेस जोडायला फायरवायर चांगलेच होते. आता नव्या लॅपटॉपवर तो पोर्टच नसतो, तेव्हा जुना इंटरफेस स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका.

तबला आणि गाणे घरी रेकॉर्ड करायचे असेल, तर चांगल्या ड्रायव्हरचा यूएसबी इंटरफेस घ्या आणि उरलेले पैसे माइकवर घाला.