पोळी कोणाची, टाळी कोणाची?

२००८च्या मालेगाव बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल लागला त्या ३१ जुलै २०२५च्या संध्याकाळी अमरावती जिल्ह्यातल्या तिवस्यात महामार्गालगतच्या एका चहाटपरीवर टीव्ही सुरू होता. चार चौकटी, चार तज्ज्ञ. एकाच्या नावाखाली पट्टी होती ‘दहशतवादाचे अभ्यासक’, आणि त्याखाली दिल्लीतल्या कुठल्याशा संस्थेचं भारदस्त इंग्रजी नाव. निवेदिकेनं ओळख करून देताना ‘स्वतंत्र’ हा शब्द दोनदा वापरला. बशीत चहा ओतता ओतता एक निवृत्त गुरुजी म्हणाले, ‘‘सारं ठीक आहे बाप्पा, पन याले पगार कोन देते?’’

टपरीवर हशा पिकला आणि विषय सोयाबीनवर गेला. पण गुरुजींनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं.

जुलै महिना अशा तज्ज्ञांच्या सुगीचाच गेला. १० तारखेला कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं राज्याचं जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत मंजूर झालं. २१ला २००६च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यातले १२ जण उच्च न्यायालयात सुटले, ३१ला विशेष न्यायालयात मालेगाव खटल्यातले ७. निकालांची चिरफाड भरपूर झाली आहे. तिच्यात शिरत नाही. दर वेळी पडद्यावर येऊन ‘आमचा अभ्यास सांगतो’ म्हणणाऱ्या संस्था कोणाच्या, एवढंच इथं पाहायचं आहे.

त्यांतल्या सगळ्यांत जुन्या संस्थेची नाळ मराठी मुलखाशी जुळलेली आहे. १९६२च्या युद्धात देशानं चीनकडून मार खाल्ल्यावर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत गेले आणि त्यांच्याच काळात, नोव्हेंबर १९६५मध्ये, ‘इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसिस’ उभी राहिली. २०२०मध्ये तिला मनोहर पर्रिकरांचं नाव दिलं गेलं. पैसा संरक्षण मंत्रालयाचा, अध्यक्षपदी संरक्षणमंत्री, आणि तरी संस्था स्वतःला स्वायत्त, पक्षनिरपेक्ष म्हणवते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, या न्यायानं हा दावा पहिल्याच घासाला खड्यासारखा लागायला हवा.

पण इथंच के. सुब्रह्मण्यम आडवे येतात. सनदी अधिकारी असलेला हा माणूस १९६८ ते १९७५ आणि पुन्हा १९८० ते १९८७ असा दोनदा या संस्थेचा संचालक होता. सरकार अण्वस्त्रांबाबत ताकाला जाऊन भांडं लपवत होतं, तेव्हा सरकारच्याच पैशावर चालणाऱ्या संस्थेत बसून ते भारतानं अण्वस्त्रसज्ज व्हावं असं उघड लिहीत होते. ते बरोबर होते की चूक, हा वेगळा वाद. मला स्वतःला बॉम्बचं फार कौतुक नाही. पण धन्याला नको असलेलं बोलण्याची धमक त्यांच्यात होती. कारगिलनंतर नेमलेल्या आढावा समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. १९९९मध्ये पद्मभूषण देऊ केलं, तर नोकरशहांनी आणि पत्रकारांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत म्हणून त्यांनी ते नाकारलं. म्हणजे पोळी खाऊनही टाळी राखून ठेवता येते. अर्थात साठ वर्षांत असे सुब्रह्मण्यम किती झाले, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील.

आजची तऱ्हा निराळी आहे. ‘विवेकानंद इंटरनॅशनल फाउंडेशन’ २००९मध्ये सुरू झालं. पहिले संचालक अजित डोवाल. मे २०१४मध्ये सरकार बदलताच ते राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार झाले. अरविंद गुप्ता आधी पर्रिकर संस्थेचे महासंचालक, मग डोवालांचे उपसल्लागार, आणि २०१७मध्ये विवेकानंद फाउंडेशनचे संचालक. यात बेकायदा काही नाही, माणसंही अनुभवी आहेत. पण उद्या ज्याच्या हाताखाली जायचं किंवा कालपर्यंत ज्याच्या हाताखाली होतो, त्याचं धोरण फसलं असं कोणी कसं लिहील? आणि ज्यांचं सरकारशी जुळलं नाही त्यांचं काय होतं, तेही दिसलं आहे. १९७३पासून चालत आलेल्या ‘सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च’चा परदेशी देणग्यांचा परवाना जानेवारी २०२४मध्ये रद्द झाला.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. वॉशिंग्टनच्या ब्रुकिंग्ज या नामांकित संस्थेला कतारनं चार वर्षांसाठी १ कोटी ४८ लाख डॉलर देऊ केल्याचं २०१४मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’नं छापलं होतं. ऑक्टोबर २०१९मध्ये युरोपीय खासदार काश्मीर पाहायला आले, तेव्हा आमंत्रण ब्रुसेल्समधल्या एका ‘थिंक टँक’ चालवणाऱ्या बाईंचं होतं आणि खर्च दिल्लीच्या अलिप्ततावादी अभ्यास संस्थेचा. पुढच्याच महिन्यात ‘ईयू डिसइन्फोलॅब’नं दिल्लीच्या त्या संस्थेभोवतीचं जाळं उघडं पाडलं. ६५हून अधिक देशांत बातमीपत्रांचं सोंग घेतलेली २६५ संकेतस्थळं त्यात होती.

पैशाइतकीच दुसरी एक गोष्ट मला खटकते, आणि ती आमच्या पत्रकारितेच्या धंद्याची आहे. भामरागडच्या जंगलात माओवाद्यांशी चकमक होते. पोलीस प्रसिद्धिपत्रक काढतात. गडचिरोलीचा बातमीदार ते नागपूरला पाठवतो, तिथून इंग्रजी दैनिकं उचलतात. पंजाबचे माजी पोलीस महासंचालक के. पी. एस. गिल यांनी स्थापन केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट’च्या ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’वर तोच आकडा तक्त्यात बसतो. आकडे बातम्यांवरून जमवलेले आणि तात्पुरते आहेत, असं पोर्टल प्रामाणिकपणे सांगतं. पुढचे मात्र ती तळटीप गाळतात. शोधनिबंधात तो आकडा ‘संशोधन’ होतो, टीव्हीवर ‘पुरावा’ होतो आणि पुन्हा आमच्याच वर्तमानपत्रात ‘तज्ज्ञांच्या मते’ म्हणून छापून येतो. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि जिथल्या तिथंच असतो, तशातला प्रकार. मूळ साक्षीदार एकच, पोलिसांचं प्रसिद्धिपत्रक.

आणि हे आकडे पुढे कामी येतात. राज्यात ६४ कडव्या डाव्या संघटना आहेत, असं जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी सांगण्यात आलं. मोजणी सरकारची, कायदा सरकारचा. तपासणारा तिसरा कोण? २०१८मध्ये मुंबईच्या ‘फोरम फॉर इंटिग्रेटेड नॅशनल सिक्युरिटी’नं कोरेगाव भीमाच्या हिंसाचारावर अहवाल काढून ठपका माओवाद्यांवर ठेवला. या मंचाची संघविचाराशी जवळीक सर्वश्रुत आहे. मत मांडण्याचा हक्क त्यांना आहेच, आणि डाव्यांच्या सत्यशोधन समित्याही आधी निष्कर्ष काढून मग गावात जातात, हे आम्ही पाहिलं आहे. तक्रार आहे ती दोघांनाही ‘स्वतंत्र’ म्हणवून घ्यायचं असतं याची.

शेरा काय असेल ते तो कोणाच्या पैशावर मारला जातो यावर ठरतं, हे तिवसा तालुक्यातल्या माणसाला तर अधिकच उमगावं. वर्धा नदीपलीकडच्या आष्टीत ऑगस्ट १९४२मध्ये लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळ्या झाडल्या गेल्या, दोन्हीकडची माणसं मेली. त्याच महिन्यात तुकडोजी महाराजांना अटक झाली आणि त्यांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं गेलं. तेव्हा इंग्रजांच्या पैशावर एखादी अभ्यास संस्था चालत असती, तर तुकडोजींच्या मोझरीतल्या गुरुकुंज आश्रमावर तिनं कोणता शेरा मारला असता? आणि आष्टी तर आज ‘शहिदांची आष्टी’ म्हणून ओळखली जाते.

 गणपतीत गल्लीतलं साधं मंडळही ५१ रुपयांची पावती फाडून देतं आणि विसर्जनानंतर कोणी किती दिले याचा कागद फळ्यावर डकवतं. नाही डकवला तर पुढच्या वर्षी वर्गणी मागताना बोलणी खातं. देशाच्या सुरक्षेवर सल्ला देणाऱ्या संस्थेला मात्र देणगीदारांची यादी लोकांपुढे मांडायची सक्ती नाही. हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कंपनी निबंधकांकडे जातो. टपरीवरच्या गुरुजींपर्यंत नाही. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर वाहिन्यांनी एवढं तरी करावं, की तज्ज्ञाच्या नावाखालच्या पट्टीत संस्थेबरोबर तिच्या सर्वांत मोठ्या देणगीदाराचंही नाव टाकावं. जागा असते. तिथं आता चहापत्तीची जाहिरात धावते.

आणि गुरुजी विचारतीलच म्हणून सांगून टाकतो: या लेखाचं मानधन ही पुरवणी काढणारं वर्तमानपत्र देतं, आणि त्या वर्तमानपत्राला सरकारी जाहिराती मिळतात.